सायकिअ‍ॅट्रीतली आकडेमोड : वॉर्डात दिसतं ते आणि वॉर्डाबाहेर असतं ते

रातपाळी :

एमबीबीएसच्या मुलांचं सायकिअ‍ॅट्रीचं पोस्टिंग संपत आलं की मी हमखास एक प्रश्न विचारते : स्किझोफ्रेनियाचे किती पेशंट बरे होतात? बहुतेक वेळा उत्तर येतं, "जवळपास कुणीच नाही, मॅडम." पुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नाही. कुठून आलं विचारलं, तर म्हणतात वॉर्डात बघितलं ना. आणि हीच मुलं कम्युनिटी मेडिसिनच्या पेपरात इन्सिडन्स (ठरावीक काळातल्या नव्या केसेस) आणि प्रिव्हलन्स (एका वेळी असलेल्या एकूण केसेस) यांतला फरक घडाघडा लिहून आलेली असतात. दोन्ही विषय पाठ, पण एकाची दुसऱ्याशी ओळखच नाही. ती करून द्यायला हा धागा काढतेय.

आधी खरे आकडे. जगभरातल्या अभ्यासांचा मध्यक घेतला तर स्किझोफ्रेनियाच्या नव्या केसेस दरवर्षी लाखात साधारण १५. कुठल्याही एका वेळी मोजलं तर आजार असलेले लोक हजारात ४ ते ५, म्हणजे लाखात साडेचारशेच्या आसपास. तीसपट. प्रिव्हलन्स म्हणजे इन्सिडन्स गुणिले आजाराचा सरासरी कालावधी, हे सूत्र सगळ्यांना येतं. ते इथे लावा : साधारण तीस वर्षं. म्हणजे माणूस तीस वर्षं सलग भ्रमात आणि भासांत असतो असं मुळीच नाही. निदान तेवढी वर्षं त्याच्या नावावर असतं, मधली कित्येक वर्षं तो नोकरीही करत असतो.

आता वॉर्डाकडे या. एक काल्पनिक हिशेब करू. दरवर्षी १०० नवे पेशंट येतात. त्यातले ५० वर्षभरात बरे होऊन जातात ते परत येत नाहीत. उरलेले ५० वीस वर्षं आजारी राहतात. हे असंच वर्षानुवर्षं चालू आहे. एखाद्या दिवशी तुम्ही रजिस्टर उघडलं तर किती दिसतील? पहिल्या गटातले ५० गुणिले १, म्हणजे ५०. दुसऱ्या गटातले ५० गुणिले २०, म्हणजे १०००. एकूण १०५०, त्यात दीर्घकाळचे ९५ टक्के. प्रत्यक्षात निम्मे बरे झालेत आणि तुमच्या डोळ्यांसमोर शंभरातले पंचाण्णव जुनाट.

याला 'क्लिनिशियन्स इल्यूजन' म्हणतात. पॅट्रिशिया कोहेन आणि जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये ते मांडलं. बरा झालेला पेशंट ओपीडीत येऊन "मी बरा आहे" असं सांगत नाही, त्यामुळे ज्येष्ठ डॉक्टरांचा 'अनुभव'सुद्धा याच गाळणीतून आलेला असतो. माझाही.

बाकी मुद्दे प्रतिसादांत घेऊ. विद्यार्थ्यांनी बिनधास्त विचारावं.

---

तिसरं_वर्ष :

मॅडम, वाचनखूण साठवली. हे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. पण मग डिप्रेशनला हेच सूत्र कसं लावायचं? ते येतं, जातं, परत येतं. दुसऱ्यांदा आलं तर ती नवी केस धरायची का?

---

रातपाळी :

@तिसरं_वर्ष, अगदी नेमकं विचारलंस. आयुष्यातला पहिलाच एपिसोड मोजतोय की कुठलाही नवा एपिसोड, हे अभ्यास करणाऱ्याने आधी सांगावं लागतं. दोन्हींना लोक सर्रास इन्सिडन्सच म्हणतात. पहिलाच एपिसोड मोजत असशील तर ज्यांना आधी होऊन गेलंय त्यांना छेदातून वगळ. हे विसरलं की दर उगाच कमी दिसतो.

'आयुष्यात कधीतरी झालं होतं का' या प्रश्नावर मात्र फार विश्वास ठेवू नकोस. लोक विसरतात, आणि खोटं न बोलता विसरतात. न्यूझीलंडमध्ये डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेली १०३७ मुलं आजतागायत पाठपुराव्यात आहेत. त्यांना दर काही वर्षांनी विचारून जे प्रमाण निघालं, ते एकदाच मागे वळून विचारणाऱ्या सर्वेक्षणांच्या जवळपास दुप्पट होतं. चिंताविकार, डिप्रेशन, दारूचं अवलंबित्व, सगळीकडे तेच.

---

साशंक :

धागा चांगला आहे, पण पायाच भुसभुशीत नाही का? ना रक्ततपासणी, ना स्कॅन. चार प्रश्न विचारून ठरवायचं की याला हा आजार आहे, आणि मग त्याची दशांशापर्यंत टक्केवारी काढायची. ज्याचं मोजमापच होत नाही त्याची एपिडेमिऑलॉजी (लोकांत आजार कुणाला, किती होतो याचा अभ्यास) कसली?

(खवचटपणा नाही, खरंच प्रश्न आहे.)

---

छेदस्थान :

साशंक, तुमचा प्रश्न सायकिअ‍ॅट्रीला पन्नास-साठ वर्षांपूर्वीच पडला होता. १९६० च्या दशकात दिसत होतं की न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होतं आणि लंडनमध्ये मूड डिसऑर्डरचं जास्त. अमेरिकन लोकांच्या मेंदूत काही वेगळं आहे का, इथपर्यंत चर्चा गेली. मग दोन्ही शहरांतल्या पेशंटांची एकाच ठरावीक मुलाखतीने, त्याच निकषांवर, प्रकल्पातल्याच डॉक्टरांनी तपासणी केली. फरक जवळजवळ नाहीसा झाला. पेशंट सारखेच होते, वेगळे होते ते डॉक्टर. त्यावरचं पुस्तक १९७२ मध्ये आलं.

म्हणून मोजायच्या आधी केसची व्याख्या ठरवायची, आणि दोन माणसं स्वतंत्रपणे मोजून एकाच उत्तरावर येतात का ते बघायचं. त्यासाठी कप्पा, म्हणजे योगायोगाने होणारी सहमती वगळून उरलेली सहमती मोजणारा आकडा (० म्हणजे नुसता योगायोग, १ म्हणजे पूर्ण सहमती). तो जेकब कोहेनचाच, १९६०. वर मॅडमनी ज्यांचं नाव घेतलं तेच हे.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) कप्पाची व्याख्या सांगून मुलं थांबतात, म्हणून आकडे देतो. १०० पेशंट, दोन डॉक्टर. ५ जणांत दोघेही 'आहे' म्हणतात, ८५ जणांत दोघेही 'नाही'. ५ जणांत फक्त पहिला 'आहे' म्हणतो, ५ जणांत फक्त दुसरा. सहमती ९० टक्के. वा! पण थांबा. दोघेही दहातल्या एकालाच 'आहे' म्हणणारे आहेत. त्यांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी ०.१ × ०.१ अधिक ०.९ × ०.९, म्हणजे ८२ टक्के सहमती झालीच असती. खरी कमाई ९० वजा ८२, म्हणजे ८. कमावता येण्याजोगं होतं १०० वजा ८२, म्हणजे १८. कप्पा ८ भागिले १८, ०.४४.

नव्वद टक्क्यांचं ०.४४ झालं. आजार विरळ असेल तर नुसती टक्केवारी फसवतेच.

---

साशंक :

कप्पा समजला. पण मग प्रत्यक्षात किती येतो तेही सांगा की.

---

छेदस्थान :

सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. डीएसएम-५ या अमेरिकन निदान-निकषांच्या पुस्तकाच्या फील्ड ट्रायल्समध्ये पीटीएसडीला (आघातानंतरच्या मानसिक आजाराला) ०.६७, स्किझोफ्रेनियाला ०.४६, आणि मेजर डिप्रेशनला ०.२८.

---

साशंक :

०.२८! आणि सगळ्यात जास्त गोळ्या त्याच्यावर. माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

---

गणितवेडी :

डॉक्टर नाही, पण डिप्रेशनचे निकष बघून राहवलं नाही म्हणून मोजलं. ९ पैकी किमान ५ लक्षणं हवीत, आणि त्यात उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं. ९ मधून ५ किंवा जास्त निवडायचे प्रकार : १२६ + ८४ + ३६ + ९ + १ = २५६. त्यातून ही दोन्ही मुख्य लक्षणं नसलेले वजा करा : २१ + ७ + १ = २९. उरले २२७.

म्हणजे एकच निदान मिळवायचे २२७ मार्ग. शिवाय दोन पेशंटांमध्ये एकच लक्षण सामाईक असू शकतं (५ + ५ वजा १ = ९). दोन डॉक्टरांचं जमत नसेल तर त्यात मला फार नवल वाटत नाही.

---

रातपाळी :

@गणितवेडी, _/\_ हे उद्या वर्गात वापरणार.

साशंक, ०.२८ चा बचाव करणार नाही, फक्त संदर्भ देते. त्या ट्रायल्समध्ये मुद्दाम ठरावीक मुलाखत वापरली नव्हती. नेहमीचे डॉक्टर, नेहमीची पद्धत, दोन वेगवेगळ्या भेटी. शिवाय डिप्रेशनच्या पेशंटला सोबत चिंता असते, दारू असते, अंगदुखी असते. ठरावीक मुलाखत वापरली की आकडा सुधारतो. म्हणून संशोधनात ती वापरतात आणि म्हणूनच ओपीडीच्या रजिस्टरवरून काढलेली प्रिव्हलन्स मी कधी उद्धृत करत नाही.

आणि रक्ततपासणी नव्हती तेव्हाही एपिडेमिऑलॉजीने सायकिअ‍ॅट्रीतलं एक मोठं कोडं सोडवलंय. कुणीतरी पेलाग्राबद्दल लिहा ना, मला आता राउंडला जायचंय.

---

जुनाट_जर्नल :

मी लिहितो, माझा आवडता विषय.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मनोरुग्णालयं पेलाग्राच्या पेशंटांनी भरलेली होती. उन्हाच्या जागी कातडी सोललेली, जुलाब, आणि मग गोंधळ, भ्रम, स्मृतिभ्रंश. बहुतेकांची खात्री होती की हा संसर्गजन्य आजार आहे. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गरला या कामावर नेमलं. तो आधी पिवळा ताप, टायफस असल्या साथींवर काम केलेला माणूस, त्यामुळे संसर्ग कसा वागतो हे त्याला नीट माहीत होतं.

त्याने जे टिपलं ते अगदी साधं होतं. मनोरुग्णालयांत, अनाथालयांत पेशंटांना पेलाग्रा होत होता, पण त्याच इमारतीत दिवसरात्र काम करणाऱ्या नर्सेस आणि सेवकांना नाही. जंतू पगारपत्रक बघून तर चावत नाही. मग दोघांत फरक काय? ताट. पेशंटांना मुख्यतः मक्याचं पीठ, काकवी, थोडी चरबी. कर्मचाऱ्यांना दूध, मांस, अंडी मिळवता येत होती. संस्थांमधला आहार बदलला तर आजार हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या एका तुरुंगाच्या शेतावर माफीच्या बोलीवर ११ कैद्यांना मक्याच्या आहारावर ठेवलं, त्यातल्या सहा जणांना पेलाग्रा झाला. (आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हा प्रस्ताव फेकून दिला असता, आणि योग्यच केलं असतं.) तरीही लोक मानेनात, तेव्हा त्याने आणि सहकाऱ्यांनी पेशंटांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांचे स्राव गोळ्या करून गिळले. त्याची बायकोही सामील होती. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेला. नायासिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा शोध १९३७ चा. म्हणजे नेमकं द्रव्य माहीत नसताना, नुसतं कुणाला होतो आणि कुणाला होत नाही एवढ्यावर त्याने आजार थांबवून दाखवला. 'कुणाला होत नाही' हा कॉलम विद्यार्थी नेहमी रिकामा सोडतात.

---

तिसरं_वर्ष :

जबरदस्त! याच धर्तीवर एक शंका. गरिबीमुळे स्किझोफ्रेनिया होतो असं म्हणता येईल का? शहरांच्या गरीब भागात जास्त दिसतो असं वाचलं.

---

जुनाट_जर्नल :

तो शिकागोचा अभ्यास, फॅरिस आणि डनहॅम, १९३९. शहराच्या मध्यातल्या पडक्या, भाड्याच्या खोल्यांच्या भागातून स्किझोफ्रेनियाचे पेशंट जास्त भरती होत होते, बाहेरच्या वस्त्यांतून कमी. दोन अर्थ निघतात. एक, तिथलं जगणंच आजार देतं. दोन, आजारी माणूस नोकरी गमावतो आणि घसरत घसरत तिथे पोचतो. एका वेळचं छायाचित्र बघून यातलं खरं कोणतं हे सांगताच येत नाही.

१९६३ मध्ये गोल्डबर्ग आणि मॉरिसन यांनी सुरेख युक्ती केली. पेशंटांचा सामाजिक स्तर बघितला तर तळाकडे झुकलेला. मग त्याच पेशंटांच्या वडिलांचा, पेशंटच्या जन्मावेळचा स्तर शोधला. तो सर्वसाधारण लोकसंख्येसारखाच निघाला. म्हणजे घसरण आजारानंतरची, निदान बरीचशी.

पण म्हणून वातावरण निर्दोष सुटलं असं समजू नकोस. शहरात वाढणं आणि स्थलांतर यांचा संबंध नंतरच्या मोठ्या कोहॉर्टमध्ये (वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या गटांत) टिकून राहिलाय. गांजाचंही तसंच. स्वीडनमध्ये लष्करात भरती होणाऱ्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला, त्याचा अहवाल १९८७ चा. भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका सहापट. आधीपासूनचे मानसिक त्रास आणि कौटुंबिक पार्श्वभूमी हिशेबात धरली की सहापट बरंच खाली येतं, पण शून्यावर येत नाही. ते खाली येणं म्हणजे कन्फाउंडिंग (तिसऱ्याच गोष्टीमुळे दिसणारा संबंध), आणि जे उरलं त्यावर भांडण.

---

इंटर्न_आहे_अजून :

मला एक प्रॅक्टिकल सांगा. पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचा कटऑफ १०, सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी किती पकडले जातात) ८८ टक्के, स्पेसिफिसिटी (नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह येतात) ८८ टक्के. ओपीडीत कुणाचा स्कोअर १२ आला तर त्याला डिप्रेशन असण्याची शक्यता ८८ टक्के धरायची ना? आमच्याकडे सगळे तसंच धरतात.

---

गणितवेडी :

अजिबात नाही!! १००० माणसं घ्या. साध्या ओपीडीत समजा ५ टक्क्यांना डिप्रेशन आहे, म्हणजे ५०. त्यातले ४४ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४, उगाचच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १५८, त्यात खरे ४४. जेमतेम २८ टक्के.

आता तीच प्रश्नावली मनोविकार विभागात, जिथे समजा ३० टक्क्यांना आहे. ३०० पैकी २६४ खरे, ७०० पैकी ८४ खोटे. २६४ भागिले ३४८, ७६ टक्के. प्रश्नावलीतलं एक अक्षर बदललं नाही, फक्त खोली बदलली.

---

रातपाळी :

गणितवेडी, तुम्ही एपिडेमिऑलॉजीत का नाही आलात?

@इंटर्न, भर घालते. निगेटिव्ह आला तर तो बराच भरवशाचा : त्या पहिल्या उदाहरणात ८४२ निगेटिव्हपैकी ८३६ खरोखर निरोगी. पण पॉझिटिव्ह म्हणजे निदान नव्हे, पेशंटसमोर खुर्ची ओढून बसायची वेळ आली एवढंच. थायरॉइड, ॲनिमिया, नुकताच झालेला मृत्यू, चालू औषधं, आणि मॅनियाचा (अतिउत्साहाच्या झटक्याचा) इतिहास विचारल्याशिवाय अँटिडिप्रेसंट लिहू नकोस. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहतो. नववा प्रश्न (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) एकूण स्कोअर कितीही असला तरी वेगळा बघायचा. बेरीज ६ आहे म्हणून फॉर्म फाइलला लावून मोकळं व्हायचं नाही.

---

इंटर्न_आहे_अजून :

मग आत्महत्येचा धोका ठरवायला जे स्कोअर आहेत, लो-मॉडरेट-हाय वाले, त्यांचं काय? कॅज्युअल्टीत तो फॉर्म भरावाच लागतो.

---

छेदस्थान :

हाच हिशेब तिथे लावा. जगात वर्षाला लाखात साधारण ९-१० आत्महत्या होतात. १० धरू. ९० टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ९० टक्के स्पेसिफिसिटी असलेलं, म्हणजे आज कुठेही नसलेलं, साधन हातात आहे असं माना. लाख माणसांत १० पैकी ९ सापडतील आणि सोबत जवळपास १०,००० खोटे अलार्म. 'हाय रिस्क' शिक्का बसलेल्यांत हजारात एकही नाही.

कुणी म्हणेल भरती झालेल्यांत तरी जमेल. १९८३ मध्ये पोकोर्नीने ४८०० माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, सगळे मनोविकार विभागात भरती झालेले. पुढच्या काही वर्षांत ६७ आत्महत्या. इतक्या जोखमीच्या गटातही कोण ते आधी ओळखणारं सूत्र त्याला बनवता आलं नाही. ब्रिटनच्या नाईस या आरोग्यविषयक सरकारी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आता सरळ सांगतात की भाकितासाठी असले स्कोअर वापरू नका आणि त्यावरून उपचार द्यायचे की नाही हेही ठरवू नका.

---

साशंक :

म्हणजे हात वर करायचे?

---

छेदस्थान :

उलट. कोण ते ओळखता येत नसेल तर सगळ्यांसाठीचं वातावरण बदलता येतं. १९६३ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ५७१४ आत्महत्या झाल्या, १९७५ मध्ये ३६९३. मधल्या काळात घरगुती गॅसमधला विषारी वायू काढून टाकला गेला होता, तोही कुणाच्या आत्महत्या टाळायला नव्हे, नैसर्गिक वायू स्वस्त पडला म्हणून. इतर मार्ग थोडेफार वाढले, पण भरपाई होण्याइतके नाहीत. श्रीलंकेत सर्वाधिक घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर १९९५ ते २००५ या दहा वर्षांत दर निम्म्यावर आला.

आणि समोरच्या माणसाबाबत : स्कोअरऐवजी त्याच्या गरजा विचारा. घरी सोबत कोण आहे, घातक वस्तू कुणाच्या ताब्यात देता येतील, पुढची भेट कधी, मधे बिघडलं तर कुणाला फोन करायचा. हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात, हे तर कुठल्याही स्कोअरशिवाय माहीत आहे, म्हणून पहिली भेट महिन्यावर ढकलायची नाही.

---

तिसरं_वर्ष :

एक शेवटचा, परीक्षेचा प्रश्न. "उपचार सुधारले तर स्किझोफ्रेनियाची प्रिव्हलन्स वाढेल की कमी होईल?" आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत.

---

रातपाळी :

कुठले उपचार सुधारले ते लिहिल्याशिवाय उत्तर देऊ नका. आजार रोखणारं काही सापडलं तर इन्सिडन्स उतरेल आणि मागोमाग प्रिव्हलन्स. लोक पूर्ण बरे होऊन निदानातून बाहेर पडू लागले तर कालावधी उतरेल, प्रिव्हलन्स कमी. रिलॅप्स (आजार उलटणं) टाळणारी औषधं घ्या : एकत्रित विश्लेषणात वर्षभरात औषध चालू ठेवणाऱ्यांत २७ टक्के रिलॅप्स आणि प्लासिबोवर (औषध नसलेल्या नुसत्या गोळीवर) ६४ टक्के. फरक ३७, म्हणजे तिघांना औषध चालू ठेवलं की एकाचा रिलॅप्स टळतो. वैद्यकात इतका चांगला एनएनटी (एकाला फायदा व्हायला किती जणांना उपचार द्यावे लागतात तो आकडा) फार ठिकाणी मिळत नाही. पण याने निदान पुसलं जात नाही. त्यामुळे 'सध्या लक्षणं असलेले' मोजले तर आकडा उतरेल, 'निदान असलेले' मोजले तर जवळपास तिथेच राहील.

आता तिसरी शक्यता. हे पेशंट इतरांपेक्षा सरासरी पंधरा-एक वर्षं आधी मरतात, आणि बहुतेक मृत्यू हृदयविकार, फुप्फुसं, डायबेटिस अशा कारणांनी होतात. उद्या त्यांचं धूम्रपान सुटलं, साखर आणि रक्तदाब नीट बघितला गेला, ते वीस वर्षं जास्त जगले, तर प्रिव्हलन्स वाढेल. तुमच्या दोन्ही तटांना अर्धे मार्क. पेपरात सूत्र लिहा, मग कालावधी कशाने संपतोय, बरं होण्याने की मरण्याने, ते एका ओळीत लिहा, आणि मग बाण वर की खाली ते काढा.